अकोल्याहून कसब्याला अठरा पायऱ्या

अण्णा, ती पाटी अजून तुमच्या दारावर आहे. 'दुपारी १ ते ४ बंद'. कसबा पेठेतलं दुकान सोडताना तुम्ही काउंटर दिलात, कपाटं दिलीत, मोठा काटासुद्धा दिलात, आणि ही एक पत्र्याची पाटी पिशवीत घालून कोथरूडला घेऊन आलात. राहत्या घराच्या दाराला दुकानाची पाटी लावणारा सासरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. येणारे-जाणारे ती वाचून हसायचे. गेल्या पंधरवड्यात भेटायला आलेलेही काही जण हसले, आणि मग आपण कशासाठी आलोय ते आठवून घाईनं जिना चढून आमच्याकडे आले.

आज सोळा दिवस झाले. चौदाव्याला गोड जेवण झालं, पाहुणे गेले, सतरंज्या परत गेल्या. जाताना तुमच्या मामेबहिणीनं माझा हात हातात घेऊन सांगितलं की सुनेनं सासऱ्याचं इतकं केलेलं आमच्याकडे कुणी पाहिलं नाही. मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला. अण्णा, तेरा दिवस मला वाटत होतं की माझ्या हातून एक चूक झाली. परवा कळलं की दोन झाल्या, आणि त्यातली पहिली अगदीच किरकोळ होती. तुमच्या मुलाला, मंदारला, यातलं काहीच माहीत नाही. त्याला सांगायचं आहे आणि तोंड उघडत नाही. म्हणून आधी तुम्हाला सांगते. तुम्ही मध्येच टोकणार नाही हे सोयीचं आहे, पण त्याची सवय होत नाही.

लिनक्स तुमच्या आयुष्यात आलं ते हट्टापायी. मंदारनं नवा लॅपटॉप आणून दिला तेव्हा तुम्ही तो उलटा करून पाहिलात, स्क्रू कुठे आहेत ते शोधलंत आणि सापडले नाहीत म्हणून परत दिलात. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेल्या माणसाचं म्हणणं साधं होतं. ज्याचं झाकण उघडता येत नाही ते यंत्र आपलं नाही. मी म्हटलं, अण्णा, कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक प्रकार असा आहे की त्याचं आतलंही झाकण उघडता येतं. माझ्या ऑफिसनं मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यात लिनक्स घातलं आणि तुमच्या दिवाणाशेजारच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही तेव्हा चौसष्टचे. सहा महिन्यांत तुम्ही मला विचारणं बंद केलंत, आणि वर्षभरात मीच तुम्हाला विचारायला लागले. मी सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीचा पगार घेते, म्हणून ही गोष्ट ऑफिसात कधी बोलले नाही.

दोन्ही यंत्रांचं बारसं तुम्हीच केलंत. तुमचं, पहिल्या मजल्यावरचं, ते कसबा. माझं, तुमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमधलं, ते अकोला, कारण मी अकोल्याची. मध्ये डक्टमधून ओढलेली निळी केबल. ती ओढून झाल्यावर तुम्ही हात झटकत म्हणालात, घे, तुझं माहेर वरच्या मजल्यावर आणून ठेवलं, आता दिवाळीला तिकीट काढायचं कारण नाही. केबलनं कसब्याहून अकोल्याला पोचायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागायचा नाही. जिन्यानं अठरा पायऱ्या.

घरून काम सुरू झालं तेव्हाचं आठवतं? माझ्या फायलींची रोजची नक्कल तुमच्या मोठ्या डिस्कवर ठेवायची असं ठरलं होतं. सकाळी ती जायची, संध्याकाळी जायची, दुपारी मात्र कसबा मला आत घेईना. पडद्यावर एकच ओळ, कनेक्शन रिफ्यूज्ड. मी आठ दिवस त्याच्या मागे लागले होते. केबल बदलली. राउटर दुपारी तापत असेल म्हणून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. कसब्याचा पत्ता बदलतोय का ते दर तासाला पाहिलं. तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याकडून सगळा वृत्तान्त मन लावून ऐकायचात आणि 'अस्सं' म्हणायचात.

यात दोन प्रकार असतात हे तुम्हाला मीच शिकवलं होतं. समोरचं यंत्र बंद असेल किंवा वायर तुटली असेल तर उत्तरच येत नाही, आपण वाट बघून थकतो. कुलूप लावून गावाला गेलेल्या घराची बेल वाजवावी, तसं. पण रिफ्यूज्ड लगेच येतं. म्हणजे आत कुणीतरी आहे, त्यानं बेल ऐकली आहे, आणि आतूनच नको म्हटलं आहे. मी शिकवलेलं हे वाक्य तुम्ही वहीत लिहून घेतलं होतं. पुढे मीच त्याच्यावर आपटले.

नवव्या दिवशी मी नवा राउटर आणायला निघाले तेव्हा तुम्ही चष्मा काढलात.

"दुपारी मी बंद करतो ते."

"काय बंद करता?"

"बाहेरून येणाऱ्यांना. झोपतो मी."

"तुम्ही झोपता, अण्णा. यंत्र कुठे झोपतं?"

"दुकानात वजनंही झोपत नव्हती. शटर पाडायचोच ना?"

मग आठ दिवस बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू मला विचारलंसच नाही. तू राउटरला विचारत होतीस."

मी ही गोष्ट पुढे पन्नास जणांना सांगितली. पुण्यात यंत्राचं दार राखणारी फायरवॉलसुद्धा एक ते चार झोपते म्हणून सगळे पोट धरून हसले. मी तुम्हाला म्हटलं होतं, निदान घड्याळ लावून देते, एकला आपोआप बंद होईल, चारला आपोआप उघडेल. तुम्हाला ते पसंत नव्हतं. शटर हातानं पाडायचं आणि हातानं उचलायचं. मालक उठायच्या आधी दुकान उघडलं, असं होता कामा नये. त्यामुळे रोज एकला तुम्ही ती एक ओळ टाइप करून दार बंद करायचात, मोबाइल मुका करून स्वयंपाकघरात फ्रीजवर चार्जिंगला लावायचात आणि आडवे व्हायचात. चारच्या ठोक्याला उठून आधी दार उघडायचात. आधी आपलं उघडायचं, मग दुसऱ्याकडे जायचं, हा तुमचा क्रम. दार उघडून झालं की कसब्यातून अकोल्यात शिरायचात आणि माझ्या पडद्यावर, माझ्या सगळ्या कामाच्या डोक्यावर, एक शब्द उमटवायचात. 'चहा'.

एकदा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा पडदा सगळ्यांना दाखवत होते तेव्हाही तो उमटला. आमच्या टीममधल्या चेन्नईच्या मुलीला मराठीतला तेवढाच एक शब्द येतो. मी मीटिंग संपवून अठरा पायऱ्या उतरायचे, तुम्ही आलं किसत असायचात. एवढंच. पण रोज, इतकी वर्षं.

आणखी एक राहिलं होतं बोलायचं. माझी नोकरी गेली होती तेव्हाचं. आठ महिने. मी सकाळी उठून करायचं काय म्हणून भिंतीकडे बघत बसायचे. त्या काळात कसबा फार बिघडायला लागला. रोज सकाळी काहीतरी नवीन. आज फायली उघडत नाहीत, उद्या आवाज येत नाही, परवा अकोला दिसतच नाही. तुम्ही खालून हाक मारायचात, 'अश्विनी, बघ बाई जरा, मला काही समजत नाही'. मी वैतागत खाली यायचे आणि दुपारपर्यंत त्यात बुडून जायचे. नवी नोकरी लागली त्या आठवड्यापासून कसबा ठणठणीत झाला. ते बिघाड तुम्ही मुद्दाम करून ठेवत होता, हे मला दोन वर्षांनी कळलं, तुमच्या वहीत त्यांची यादी सापडली तेव्हा. पुढे 'सोपा', 'बरा', 'हिला अवघड गेला' असे शेरेही होते. मी वही होती तिथे ठेवून दिली. तुम्हाला कधी म्हटलं नाही की मला माहीत आहे. म्हणायला हवं होतं. अण्णा, त्या आठ महिन्यांत मला तुम्ही सांभाळलंत.

तुमच्या दुकानातली एक गोष्ट तुम्ही मला शंभरदा सांगितली असेल. गिऱ्हाईक काटा घेऊन यायचं आणि तक्रार सुरू करायचं. वजनं खोटी आहेत, व्यापारी लबाड आहे, माल ओला आहे. तुम्ही आधी पारडं रिकामं करायचात आणि रिकामा काटा शून्यावर येतो का ते पाहायचात. दहातले सात काटे तिथेच सापडायचे. लिनक्सलाही तुम्ही तोच नियम लावलात. जोडणी होत नसेल तर दुसऱ्याच्या दाराशी जायच्या आधी आपल्या बाजूला बघ. मी माझ्या हाताखालच्या पोरांना हे माझंच शहाणपण म्हणून शिकवते.

आता भांडणाचं.

श्रावणात तुम्हाला बाथरूममध्ये चक्कर आली. दोन्ही घरची भांडी करणाऱ्या शोभाताईंना तुम्ही खाली बसलेले सापडलात आणि वर सांगायचं नाही अशी तुम्ही त्यांना ताकीद दिलीत. त्यांनी अर्थातच सांगितलं. अडीच वाजले होते तेव्हा. तेव्हापासून एक ते चारची मला भीती बसली. फोन फ्रीजवर मुका, यंत्राचं दार बंद, बाहेर पाटी. मी म्हटलं, टेबलावर एक छोटा कॅमेरा ठेवू, मी वरून अधूनमधून नजर टाकीन. तुम्ही म्हणालात, झोपलेल्या माणसाकडे टक लावून बघत बसायची एकच वेळ असते, तिला अजून अवकाश आहे. मी म्हटलं, बरं, कॅमेरा नको, निदान माझ्यापुरतं दार उघडं ठेवा. तुम्ही त्यालाही नाही म्हणालात. मंदार म्हणाला, जाऊ दे, ते ऐकणार नाहीत.

मी जाऊ दिलं नाही. त्या शनिवारी तुम्ही भाजी आणायला गेलात तेव्हा मी तुमच्या खुर्चीत बसले. पासवर्ड मला माहीत होता, तुम्हीच दिला होता. तुमची दार बंद करायची ओळ तशीच ठेवली, फक्त तिच्याआड माझ्यासाठी एक फट ठेवली. तुम्ही बंद केलंत की सगळ्यांना बंद, मला उघडं. तुम्हाला कळणार नाही असं मला वाटलं होतं. ज्या माणसानं जन्मभर काट्यातला केसभर फरक बोटांनी ओळखला त्याला. संध्याकाळी तुम्ही मला खाली बोलावलंत. आवाज चढवला नाहीत.

"सील तोडलंस," एवढंच म्हणालात.

तुमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ काय, ते मला माहीत होतं. तपासून झालेल्या काट्याला शिशाचं सील लागतं. मालकाला न सांगता ते तोडून आत हात घालणारा माणूस तुमच्या बाजारात सगळ्यांत खालचा. मी म्हटलं, काळजीपोटी केलं. तुम्ही म्हणालात, काळजीनं मारलेलं माप मारलेलंच असतं. आणि मग, "माझ्या माघारी केलंस, अश्विनी."

चुकलं म्हणाले असते तर संपलं असतं. चुकलंच होतं. पण मला राग आला की माझी वऱ्हाडी निघते, हे तुम्हाला माहीत आहे.

"मंग पडून राहा एकलेच. मले आवाज नका देऊ."

हाक मारण्याला आम्ही आवाज देणं म्हणतो यावरून तुम्ही एकोणीस वर्षं माझी टर उडवलीत. त्या दिवशी उडवली नाहीत. मी जिना चढून वर आले, अकोल्यासमोर बसले आणि रागारागात एक ओळ लिहिली. कसब्याहून आपणहून जे येईल ते नाकार. त्यापुढे सवयीनं, नोंद ठेव. अर्धं मिनिट लागलं असेल. तुम्ही खाली तुमचा पासवर्ड बदललात, मी वर माझं दार लावलं, आणि मंदार दोन मजल्यांच्या मध्ये हसत होता की दोघांचंही वय काय आणि चाललंय काय.

रविवारी चारला 'चहा' आला नाही. मी तुमच्यावर आणखी चिडले. दार मी लावून घेतलेलं, आणि पलीकडचा माणूस येत नाही म्हणून रुसणारीही मीच.

सोमवारी मंदार ऑफिसला हिंजवडीला. माझी मीटिंग सव्वाचारला संपली. मी कसब्याची कडी वाजवली. मंदारच्या पासपोर्टची प्रत तुमच्या डिस्कवर होती, ती हवी होती. हे निमित्त. खरं म्हणजे तुमचा राग गेला का ते पाहायचं होतं. गेला असता तर मी खाली येऊन माफी मागणार होते. शब्दही ठरवून ठेवले होते.

कनेक्शन रिफ्यूज्ड.

चार वाजून गेले होते आणि दार बंद होतं. तुम्ही चार वाजता उठला नाहीत असा एक दिवस मला माहीत नव्हता. मी कसब्याला नुसती हाक दिली, जागा आहेस का एवढंच विचारणारी. तत्काळ उत्तर आलं. म्हणजे वीज आहे, केबल धड आहे, यंत्र जागं आहे. आणि यंत्र जागं आहे म्हणजे माणूस जागा आहे, असं मी धरून चालले. तुम्हाला मीच शिकवलं होतं ना, रिफ्यूज्ड म्हणजे आत कुणीतरी आहे आणि तो नको म्हणतोय. मला वाटलं, तुम्ही नको म्हणताय. नको म्हणत होतं ते यंत्र, एक वाजता तुम्ही सांगून ठेवलं होतंत तसं.

मग मी कामाला लागले, अण्णा. लाज वाटते सांगायला, पण मला त्यात मजा येऊ लागली. तुम्ही दाराचा नंबर बदलला असेल म्हणून एकामागून एक सगळे नंबर वाजवून पाहिले. सगळीकडून चटचट नकार. जुन्या पत्त्यानं गेले, नव्या पत्त्यानं गेले. राउटर बंद करून सुरू केला. वा अण्णा, काय पक्कं लावलंय, असं मनात म्हटलं. तुम्ही खाली बसून मिशीत हसत असाल आणि पाच वाजता म्हणाल, 'अस्सं', अशी खात्रीच होती. तासभर मी वर बसून तुमच्या दाराशी झटत राहिले. पायात चपला घालून अठरा पायऱ्या उतरायचं मला सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदा सुचलं. मी म्हटलं, मी कशाला जाऊ?

पाच वीसला शोभाताई वर आल्या. "अण्णा दार उघडंनात. कवापास्नं बेल वाजवतीय. किल्ली द्या."

तुम्ही दिवाण आणि खुर्चीच्या मध्ये, उजव्या कुशीवर पडला होतात. श्वास चालू होता. तोंड एका बाजूला ओढलं होतं. खुर्ची टेबलापासून ओढलेली होती, आणि तुम्ही झोपताना ती नेहमी आत सारता, हे मी पाहिलं आणि पाहून सोडून दिलं. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. शोभाताईंनी तुमचं डोकं मांडीवर घेतलं, मी फोन करत होते. हॉस्पिटलमध्ये सव्वासातला तुम्ही गेलात. मंदार तोवर पोचला होता. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून असे होते? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, तासाभरापूर्वी आणलं असतं तर काय झालं असतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मंदारनं मान हलवली. तो शेवटचं ऐकत होता. मी 'तासाभरापूर्वी' ऐकलं.

ही ती पहिली चूक. तेरा दिवस मला वाटत होतं, एवढी एकच.

मग घरून तुम्हाला शेवटचं नेताना मंदारनं खालच्या घराचा मेन स्विच बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. घर बंद करून निघायचं तर आधी गॅस, मग नळ, मग मेन स्विच, ही तुमचीच शिस्त त्याच्या हाडात आहे. रडत होता, आणि हात आपोआप वर गेला. कसबा त्या क्षणी बंद पडला. मी जिन्यात होते. खटका पडल्याचा आवाज मला ऐकू आला होता.

परवा पाहुणे गेल्यावर मी अकोल्यासमोर बसले. ती रागातली ओळ मला पुसून टाकायची होती. मंदारच्या नजरेस पडण्याआधी, हेही खरं. पुसण्याआधी सवयीनं नोंद उघडली. तीन ओळी होत्या. रविवारची एकही नव्हती. सोमवारच्या तीन. कसब्याहून, चार वाजून दोन मिनिटं. कसब्याहून, चार वाजून तीन मिनिटं. कसब्याहून, चार वाजून अकरा मिनिटं. तिन्हींपुढे एकच शब्द, नाकारलं.

मी सव्वाचारला तुमचं दार ठोठावायला लागले, अण्णा. तुम्ही चार मिनिटांपूर्वीपर्यंत माझं ठोठावत होतात. आणि पुढचा तासभर मी दुनियेभरचं तपासलं, फक्त माझी बाजू तपासली नाही. पारडं रिकामं करून शून्य पाहिलं असतं तर दोन मिनिटांत त्या तीन ओळी दिसल्या असत्या. मी धावत खाली आले असते. तुम्ही कसेही असला असतात तरी आले असते.

तीन दिवस मी एकच विचार करतेय. तुम्ही रोज आधी तुमचं दार उघडायचात, मग माझ्याकडे यायचात. त्या दिवशी तुमचं दार बंदच राहिलं. तुम्ही तुमचा क्रम मोडलात. कधी वाटतं, राग पुरता गेला नव्हता, पण चहा एकट्यानं जात नव्हता. दार नाही उघडायचं, पण हिला बोलवायचं, असं तुम्ही ठरवलं असेल. हे तुम्हाला शोभतं. हसू येतं. मग चार तीन आणि चार अकरा यांच्यामधली आठ मिनिटं आठवतात. चहासाठी माणूस आठ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करत नाही, तुमच्यासारखा मानी तर नाहीच. दार उघडायलाही वेळ नव्हता, फोन स्वयंपाकघरात, तिथवर पाय नेत नव्हते, हाताशी होता तो कीबोर्ड. आवाज नका देऊ म्हणाले होते मी. तुम्ही तीनदा दिलात. मी वर, तुमच्या डोक्यावर, मीटिंगमध्ये कुणाचं तरी बोलणं लिहून घेत होते.

तुम्ही काय लिहिलं होतंत, 'चहा' की आणखी काही, ते कसब्याच्या त्या काळ्या पडद्यामागे, ओळी टाइप करायच्या खिडकीत होतं. खिडकी उघडी होती तोवर होतं. मेन स्विच पडला आणि ते गेलं. अशा खिडकीतला मजकूर ती नीट बंद केली तरच डिस्कवर उतरतो, हेही तुम्हाला मीच शिकवलं होतं. तो खटका मंदारनं पाडला, हे त्याला कधी कळू नये असं मला वाटतं. पण अर्धं सांगायचं आणि अर्धं झाकायचं, हे पुन्हा तेच होईल.

परवा मी खाली जाऊन मेन स्विच लावला आणि कसबा सुरू केला. तो उठला आणि त्यानं पासवर्ड मागितला. वरून प्रयत्न केला तर अजूनही रिफ्यूज्ड म्हणतो. एकला तुम्ही लावलेलं दार आहे ते. मंदार काल म्हणाला, अण्णांच्या यंत्रात जुने फोटो असतील, तुला उघडता येईल ना? येईल. पासवर्डशिवाय आतलं झाकण कसं उघडायचं हे मला येतं, याच यंत्रावर मी ते तुम्हाला दाखवलं होतं. पण मी हात लावलेला नाही. एकदा मालकाला न सांगता उघडलं होतं. आता मालक मंदार आहे. त्याला सगळं सांगून, तो उघड म्हणाला तर उघडीन. तो कदाचित माझ्याशी बोलणार नाही. कदाचित म्हणेल, तू खाली का गेली नाहीस. त्याचे वडील होते तुम्ही.

माफीचे जे शब्द ठरवले होते ते आता मला आठवत नाहीत. साधेच होते. चुकलं अण्णा, असे काहीतरी.

अकोल्यातली ती ओळ मी पुसली आहे. नोंद पुसलेली नाही. तिचा कागद काढला आहे, तीन ओळींचा.

चारला पाच कमी आहेत. मंदार खाली तुमचं कपाट आवरतोय, हँगर सरकवल्याचा आवाज इथवर येतो. त्या सोमवारी तुमचाही काही आवाज झाला असेल. निघते, अण्णा. अठरा पायऱ्या आहेत. कागद हातात आहे. आधी त्याला सांगेन. मग त्याला घ्यावासा वाटला, तर चहा.